हाउसिंग ऑथॉरिटीला जादा मोकळीक: ठरावावर मत देण्याआधी काय विचारावं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाची त्यांच्या गावच्या हाउसिंग ऑथॉरिटीच्या (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घर किंवा भाड्याची मदत देणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेच्या) बोर्डावर नेमणूक झाली आहे. संस्थेकडे सुमारे ६०० व्हाउचर (खासगी घराच्या भाड्यासाठी मिळणारी मदत) आणि १५० सरकारी घरं आहेत. स्थानिक संस्थांना कायद्याने जास्त मोकळीक द्यावी, अशी काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) विनंती करणारा ठराव कार्यकारी संचालकांनी पुढच्या बैठकीत ठेवला आहे. मसुद्यात ‘मूव्हिंग टू वर्क’चा (निवडक संस्थांना नियमांतून मोकळीक देणाऱ्या केंद्राच्या कार्यक्रमाचा) उल्लेख आहे. ही मोकळीक म्हणजे नेमकं काय, ती मागावी का, आणि मत देण्याआधी काय विचारावं?

मागावी. पण मसुदा आहे तसा मंजूर करू नका. अशा ठरावांत बहुधा तीन मागण्या एकाच मोटेत बांधलेल्या असतात: कागदपत्रं कमी करा, भाडं ठरवण्याचा अधिकार आम्हाला द्या, आणि वेगवेगळ्या निधींतून येणारे पैसे आम्हाला एकत्र वापरू द्या. पहिलीला फारसा कुणाचा विरोध नसतो. दुसरीत भाडेकरूच्या खिशाचा प्रश्न येतो. तिसरीत प्रतीक्षा यादीवरच्या कुटुंबांचा. पहिलीचं कौतुक सांगून तिसरी पदरात पाडून घेणं ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे, म्हणून तिन्ही सोडवून पाहा.

आधी पाया. तुमची संस्था राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली, बोर्ड स्थानिक, पण पैसा जवळजवळ सगळा वॉशिंग्टनचा, म्हणजे हडचा (केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा). मूळ कायदा १९३७ चा. घरभाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने आली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. आजच्या व्हाउचरचं मूळ असलेलं कलम ८ हे १९७४ चं. म्हाडाशी याची तुलना करू नका. म्हाडा घर बांधून सोडतीने विकते आणि तिचा संबंध बहुतांशी तिथे संपतो. इथली संस्था दर महिन्याला घरमालकाला भाड्याचा फरक देते आणि तो फरक काढण्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न पुन्हा पुन्हा तपासते. कटकट सगळी त्या ‘पुन्हा पुन्हा’मध्ये आहे.

तुमच्या हातात असलेले नियम तीन थरांत येतात. खालचा थर हडच्या परिपत्रकांचा, जसं उत्पन्नाचा पुरावा कोणत्या क्रमाने मागायचा ते. मधला थर हडच्या नियमावलीचा. हे दोन्ही हड स्वतः बदलू शकतं, आणि सबळ कारण दाखवलं तर एखाद्या संस्थेपुरती सूटही देऊ शकतं. त्यासाठी काँग्रेसचं दार ठोठावायची गरज नाही. वरचा थर कायद्याचा: भाड्याचा ३० टक्क्यांचा हिशेब, वर्षातून एकदा उत्पन्नाची तपासणी, हडने ठरवलेल्या बाजारभाड्याच्या ९० ते ११० टक्क्यांत पेमेंट स्टँडर्ड (मदत काढताना संस्था जास्तीत जास्त धरते ते भाडं), घर घेताना कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर न जाणं. याला हड आपल्या अधिकारात सरसकट हात लावू शकत नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत केअर्स कायद्याने काँग्रेसने हडला कायद्यातल्या अटीही तात्पुरत्या शिथिल करण्याचा अधिकार दिला. तेव्हा उत्पन्नाबाबत कुटुंबाचं स्वतःचं निवेदन धरणं आणि घराची तपासणी पुढे ढकलणं देशभर एकदम शक्य झालं. 

म्हणून संचालकांना पहिला प्रश्न हा विचारा: ठरावातली प्रत्येक अडचण कोणत्या थरातली आहे? मसुद्यातल्या ओळींसमोर ‘कायदा’, ‘नियम’, ‘परिपत्रक’ असं लिहून मागा. काही ओळींसमोर चौथा शब्द येईल, ‘आपलंच धोरण’. संस्थेच्या स्वतःच्या प्रशासकीय आराखड्यात कुणीतरी कधीकाळी घातलेली जाचक अट हडच्या नावावर खपवली जाणं अगदी नेहमीचं आहे.

दुसरा प्रश्न: आज मिळालेली मोकळीक आपण वापरतो का? तुमच्या आकारमानाला लागू होणाऱ्या गोष्टी अशा.

१९९८ च्या सुधारणा कायद्यात, २५० पेक्षा कमी सरकारी घरं असलेल्या आणि ‘ट्रबल्ड’ (कारभार बिघडलेली) असा हडचा शेरा नसलेल्या संस्थांना भांडवली निधी आणि चालू खर्चाचा निधी एकमेकांसाठी वापरण्याची पूर्ण मुभा आहे, अट एवढीच की घरं सुस्थितीत ठेवायची. तुमची घरं १५०. म्हणजे सरकारी घरांच्या बाजूला पैसे एकत्र करण्याची मोकळीक तुमच्याकडे आहेच. ठरावात तीच मागितली असेल तर मसुदा दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या ठरावावरून उतरवलेला आहे हे समजून जा.

२०१४ च्या विनियोजन कायद्यापासून (सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या कायद्यापासून) व्हाउचरच्या घराची तपासणी दरवर्षीऐवजी दोन वर्षांनी करता येते. २०१५ च्या शेवटी आलेल्या फास्ट कायद्यातली एक तरतूद सांगते की ज्यांचं जवळजवळ सगळं उत्पन्न (९० टक्के किंवा जास्त) पेन्शन, सोशल सिक्युरिटी अशा ठरावीक स्वरूपाचं आहे त्यांच्या कागदांची पूर्ण पडताळणी तीन वर्षांतून एकदा पुरे. मधल्या वर्षांत सरकारने जाहीर केलेली वाढ लावायची आणि मोकळं व्हायचं. वृद्ध आणि अपंग भाडेकरू जास्त असतील तर एवढ्याने कचेरीचं ओझं केवढं हलकं होतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. तरी कितीतरी संस्था जुन्याच सवयीने दरवर्षी सगळे कागद मागत बसतात.

२९ जुलै २०१६ चा होटमा हा घरांच्या मदतीचे नियम सुधारणारा कायदा मोठा. तो प्रतिनिधी सभेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला होता, म्हणजे कागद कमी करण्यावर दोन्ही पक्षांचं एकमत होऊ शकतं. त्याने घरातला दोष जिवाला धोका करणारा नसेल तर कुटुंबाला राहायला जाऊ देऊन ३० दिवसांत दुरुस्ती करून घेण्याची सोय केली. व्हाउचर एखाद्या इमारतीला बांधून देण्याची मर्यादा मंजूर व्हाउचरच्या २० टक्के ठेवली आणि बेघर, माजी सैनिक, वृद्ध किंवा अपंग यांच्यासाठी आणखी १० टक्के दिली. वर्षाच्या मध्ये उत्पन्न बदललं तर साधारण १० टक्क्यांच्या आतल्या बदलासाठी भाडं पुन्हा काढायची सक्ती उरली नाही. मेख अशी की उत्पन्नाबाबतच्या तरतुदींचे अंतिम नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि त्यानंतरही हडची नवी संगणकप्रणाली तयार नसल्याने अंमलबजावणीच्या तारखा पुढे सरकत राहिल्या. कायदा झाला म्हणजे मोकळीक मिळाली असं होत नाही. काँग्रेसला मागणी करताना ‘हडला ही प्रणाली उभी करायला वेगळा निधी’ ही ओळ घालायला विसरू नका. ती कुणी घालत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

आता तुमच्या संस्थेची खरी अडचण. छोट्या संस्थांसाठीचे दोन चांगले कायदे तुम्हाला थोडक्यात हुकले आहेत. २००८ च्या हेरा कायद्याने सरकारी घरं आणि व्हाउचर मिळून ५५० किंवा कमी असतील तर वार्षिक आराखडा हडला सादर करण्यातून सूट दिली. २०१८ च्या आर्थिक सुधारणा कायद्याच्या कलम २०९ ने ग्रामीण भागातल्या ५५० पर्यंतच्या संस्थांना तपासणी तीन वर्षांतून एकदा, अशी सवलत दिली. तुमचा आकडा ७५०. मोजकेच कर्मचारी, पण कागद मोठ्या शहराएवढे. ही मर्यादा ५५० वरून १,००० करा, ही मागणी तुमच्या संस्थेला थेट उपयोगी पडते, तिच्यात कुणाचं भाडं वाढत नाही आणि कुणाचं व्हाउचर जात नाही. ठराव एकाच मुद्द्याचा करायचा झाला तर मी हाच मुद्दा घेईन.

‘मूव्हिंग टू वर्क’ हे प्रकरण याहून वेगळं आणि वजनदार आहे. १९९६ च्या विनियोजन कायद्यातल्या कलम २०४ ने ते आलं. निवडक संस्थांना १९३७ च्या कायद्यातल्या बहुतेक अटी बाजूला ठेवता येतात आणि व्हाउचर, भांडवली आणि चालू खर्च असे तिन्ही निधी एकत्र वापरता येतात. उद्देश तीन: खर्च वाचवणं, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना कमाईकडे नेणं, आणि घराचे पर्याय वाढवणं. बदल्यात पाच अटी. मदत घेणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के कुटुंबं ‘अत्यल्प उत्पन्ना’ची, म्हणजे त्या भागातल्या मध्यक (बरोबर मधल्या कुटुंबाच्या) उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आतली हवीत. भाड्याचं धोरण वाजवी आणि कामाला उत्तेजन देणारं हवं. एकूण कुटुंबांची संख्या ‘बऱ्याच अंशी तेवढीच’ राहायला हवी. लहानमोठ्या कुटुंबांचं प्रमाण पूर्वीसारखं हवं. घरं दर्जाला उतरायला हवीत.

अनेक वर्षं यात ३९ संस्था होत्या: सिएटल, किंग काउंटी, केंब्रिज, शिकागो, अटलांटा, सॅन डिएगो, आणि न्यू हॅम्पशरमधल्या कीनसारखी छोटीही. डिसेंबर २०१५ मध्ये सही झालेल्या विनियोजन कायद्याने आणखी १०० संस्था घ्यायला परवानगी दिली. त्यातल्या किमान ५० संस्था (घरं आणि व्हाउचर मिळून) १,००० किंवा कमीच्या, किमान ४७ संस्था १,००१ ते ६,००० च्या, आणि ६,००० च्या वरच्या जास्तीत जास्त तीन. मोठ्या शहरांनीच सगळं लाटू नये म्हणून ही वाटणी. अर्ज करताना संस्थेला ‘हाय परफॉर्मर’ (उत्तम कामगिरी) हा हडचा शेरा असणं ही अट होती, म्हणून तुमच्या संस्थेला गेल्या काही वर्षांत कोणता शेरा मिळाला ते आधी काढा. तो नसेल तर या कार्यक्रमाच्या विस्ताराची मागणी करून तुमच्या गावाला काही मिळणार नाही.

नव्या संस्थांसाठी हडने ऑगस्ट २०२० मध्ये कार्यपद्धती जाहीर केली. त्यात सवलतींची यादीच आहे. यादीतल्या मर्यादेत राहिलं तर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी परवानगी लागत नाही, मर्यादा ओलांडायची असेल तर लागते. उदाहरणार्थ उत्पन्नाची तपासणी तीन वर्षांतून एकदा करता येते, पण कुटुंबाने मागितली तर वर्षातून किमान एकदा मधली तपासणी करून द्यावी लागते. घर रिकामं राहिल्याबद्दल घरमालकाला एक महिन्याच्या भाड्यापर्यंत भरपाई देता येते. भाड्यासंबंधी जवळजवळ कोणताही बदल करायचा तर आधी परिणामांचा अभ्यास आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी सवलतीचं लेखी धोरण, या दोन्ही गोष्टी लागतात.

भाड्याच्या बदलाचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, कारण बोर्डापुढे येणाऱ्या सादरीकरणात तो बहुधा नसतो. एक आई, दोन मुलं, महिन्याची ढोबळ कमाई १,६०० डॉलर. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मुलामागे वर्षाला ४८० डॉलर वजावट धरली (हा आकडा आता महागाईप्रमाणे थोडा सरकतो) तर महिन्याला ८० डॉलर वजा. उरले १,५२०, त्याचे ३० टक्के म्हणजे ४५६ डॉलर. आता ‘सुटसुटीत’ पद्धत: वजावटी सगळ्या बंद, ढोबळ कमाईचे सरळ २८ टक्के. होतात ४४८. आठ डॉलर वाचले, कागदही कमी. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पण हीच बाई मुलांना पाळणाघरात ठेवण्यासाठी महिन्याला ३०० डॉलर भरत असेल तर जुन्या पद्धतीत ती रक्कमही वजा होते. उरतात १,२२०, आणि भाडं ३६६. नव्या पद्धतीत तिचं भाडं ४४८ च. महिन्याला ८२ डॉलर जादा, वर्षाला ९८४. म्हणजे कामावर जाण्यासाठीच खर्च करणाऱ्या बाईला कामाला उत्तेजन देणाऱ्या योजनेचा फटका. औषधपाण्यावर जास्त खर्च करणाऱ्या वृद्धांचंही तेच. सरासरी बघून हे कळत नाही. म्हणून परिणामांच्या अभ्यासात ‘सरासरी भाडं किती बदललं’ हा तक्ता पुरेसा मानू नका, ‘५० डॉलरपेक्षा जास्त वाढ किती कुटुंबांना, आणि ती कोणती’ हा तक्ता मागा.

ही पद्धत लेक्सिंग्टन, लुईव्हिल, सॅन अँटोनिओ आणि वॉशिंग्टन डी.सी. या चार ठिकाणी रीतसर तपासली गेली. चिठ्ठी टाकल्यासारखी कुटुंबं दोन गटांत विभागली, एका गटाला जुने नियम, दुसऱ्याला ढोबळ कमाईचे २८ टक्के, तीन वर्षांतून एकदा तपासणी आणि जागेनुसार ५० ते १५० डॉलर किमान भाडं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने मोजमाप केलं. कचेरीचं काही काम कमी झालं. चारही ठिकाणं एकत्र धरली तर कमाईत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा ‘भाडं वाढणार नाही म्हटलं की लोक जास्त काम करतील’ असं कुणी सांगितलं तर ते गृहीतक आहे एवढं लक्षात ठेवा. तीन वर्षांची तपासणी जरूर करा, पण ती कचेरीचा आणि भाडेकरूंचा वेळ वाचतो म्हणून.

तिला खर्चही आहे. तीन वर्षं उत्पन्न बघायचं नाही म्हणजे मधली पगारवाढ भाड्यात धरली जात नाही आणि तेवढा फरक संस्था भरते. समजा ३०० कमावती कुटुंबं आहेत आणि तपासणी झाली असती तर प्रत्येकाचा वाटा सरासरी २० डॉलरने वाढला असता. वर्षाला ७२,००० डॉलर गेले. तुमच्या एका व्हाउचरमागे संस्था महिन्याला ७५० डॉलर देते असं धरलं तर वर्षाचे ९,००० होतात. म्हणजे आठ व्हाउचर. हे आठ कुठून येणार याचं उत्तर सादरीकरणात असलं पाहिजे.

तिसरी मागणी, पैसे एकत्र करण्याची, इथे खरी दिसू लागते. सहाशे व्हाउचर गुणिले ९,००० म्हणजे वर्षाला ५४ लाख डॉलर. त्यातले १० टक्के इमारतींच्या छपरांसाठी, समुपदेशकांच्या पगारासाठी किंवा चाकोरीबाहेरच्या एखाद्या स्थानिक उपक्रमासाठी वळवले तर ५ लाख ४० हजार. हिशेबात ही ६० कुटुंबं आहेत. कदाचित तो खर्च योग्यही असेल. गळक्या छपराच्या इमारतीतली ३० घरं कायमची बंद पडण्यापेक्षा तो केव्हाही बरा. पण ‘मोकळीक मिळाली की त्याच पैशात जास्त होईल’ असं सांगून ही निवड लपवता येत नाही. अमेरिकेत पात्र कुटुंबांपैकी साधारण चारांतल्या एकालाच केंद्राची भाड्याची मदत मिळते. बाकीची यादीत असतात किंवा यादीच बंद असल्याने यादीतही नसतात, आणि बोर्डाच्या बैठकीला त्यांच्यातलं कुणी येत नाही.

मोकळीक अडचणीच्या वेळी खरोखर कामाला येते हेही तितकंच खरं. २०१३ मध्ये केंद्राने सरसकट खर्चकपात केली तेव्हा साध्या संस्थांपुढे नवी व्हाउचर रोखणं किंवा दिलेली काढून घेणं, एवढंच उरलं. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरा काउंटीची संस्था ‘मूव्हिंग टू वर्क’मध्ये असल्याने तिने कुटुंबांचा वाटा ढोबळ उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंत नेला आणि व्हाउचर टिकवली. पुढे हे प्रमाण खाली आणलं. भाडेकरूंना ते जड गेलंच, पण दुसरा पर्याय काही कुटुंबांना रस्त्यावर आणण्याचा होता. उलट बाजूचं उदाहरण शिकागोचं: हीच मोकळीक असलेल्या तिथल्या संस्थेकडे कोट्यवधी डॉलरची शिल्लक साठली आणि लांबलचक प्रतीक्षा यादी असताना पैसे पडून का, यावरून २०१४ च्या सुमाराला जाहीर टीका झाली. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१८ च्या अहवालात या कार्यक्रमातल्या साठलेल्या निधीवर बोट ठेवलं. शिवाय भाडेबदल, कामाची सक्ती आणि मुदतमर्यादा यांचा भाडेकरूंवर काय परिणाम झाला हे तपासण्याची नीट पद्धत हडकडे नाही, हेही त्यात म्हटलं आहे.

सगळी मेख ‘बऱ्याच अंशी तेवढीच कुटुंबं’ या शब्दांत आहे. तेवढीच म्हणजे कोणत्या वर्षाइतकी? व्हाउचर मिळालेली कुटुंबं मोजायची की महिना १०० डॉलरची किरकोळ मदत मिळालेलीही एक पूर्ण कुटुंब म्हणून धरायची? किती टक्के घट चालेल? मोजमापाचं पायाभूत वर्ष असं निवडलं की संस्थेने आधीच बरीच व्हाउचर रिकामी ठेवली होती, तर पुढे दहा वर्षं अट आपोआप पाळली जाते. आणखी एक बारीक गोष्ट: एरवीच्या व्हाउचर कायद्यात नव्या कुटुंबांपैकी ७५ टक्के ही मध्यक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या रेषेखालची, म्हणजे सर्वांत गरीब असावी लागतात. १९९६ च्या कायद्यातली अट ५० टक्क्यांच्या रेषेची आहे. दोन्हीत ‘७५ टक्के’ असल्याने लोक गफलत करतात. नव्या कायद्यात ३० टक्क्यांची रेष कायम ठेवा, असं तुमच्या ठरावात लिहिता येईल.

मोकळीक कशासाठी वापरली तर उपयोगी पडते असं विचाराल तर माझा कौल घरमालकांसाठीच्या सोयींना आहे. व्हाउचर हातात असून घर मिळत नाही, मुदत संपते आणि व्हाउचर परत जातं, हे दुखणं सगळीकडे आहे. घरमालकाला तपासणी लवकर हवी असते, पहिला चेक वेळेवर हवा असतो आणि भाडेकरूने भिंती खराब केल्या तर भरपाईची खात्री हवी असते. या तिन्हींना तुलनेने कमी पैसे लागतात. किंग काउंटीने २०१६ मध्ये पूर्ण काउंटीला एकच पेमेंट स्टँडर्ड ठेवण्याऐवजी झिप कोडप्रमाणे (आपल्या पिन कोडसारखा) पाच टप्पे केले. महागड्या भागात जास्त, स्वस्त भागात कमी. त्यामुळे स्वस्त भागात विनाकारण जादा भाडं देणं थांबलं. सिएटल आणि किंग काउंटीने मिळून आणखी एक प्रयोग केला: लहान मुलं असलेल्या कुटुंबांना घर शोधायला माणूस दिला, अनामत रकमेला मदत केली, घरमालकाशी बोलणी केली. मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने चांगल्या मानलेल्या वस्त्यांत या गटातली ५३ टक्के कुटुंबं गेली, ही मदत न मिळालेल्यांपैकी १५ टक्के. व्हाउचर दोघांकडेही होतं.

कामाची सक्ती आणि मुदतमर्यादा हे मुद्दे ठरावात मोघम भाषेत दडलेले असू शकतात, ‘स्वावलंबनासाठी स्थानिक धोरणं’ अशा शब्दांत. शोधून काढा आणि त्यावर वेगळं मतदान घ्या. कॅलिफोर्नियातल्या टुलारे आणि सॅन बर्नार्डिनो इथे पाच वर्षांची मुदत चालवून पाहिली गेली. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाने २०१३ पासून ठरावीक रकमेची, पाच वर्षांची मदत देऊन पाहिली आणि पुढे ती गुंडाळून नेहमीच्या व्हाउचरकडे परतली. व्यवहारात अडतं ते हे: पाच वर्षांत त्या कुटुंबाची कमाई वाढते, पण गावातलं भाडंही वाढतं, त्यामुळे मुदत संपते तेव्हा अंतर तेवढंच असतं. मग बोर्डापुढे मुदतवाढीचे अर्ज येतात आणि प्रत्येक अर्ज तपासायला माणूस लागतो. कागद कमी करायला निघालेली संस्था कामाच्या तासांच्या पावत्या तपासत बसते. २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी केंद्र सरकारने मांडलेल्या प्रस्तावात तर भाड्याच्या बहुतेक योजना मिळून राज्यांना एकरकमी अनुदान आणि धडधाकट प्रौढांना दोन वर्षांची मर्यादा, असं होतं. एकरकमी अनुदानात मोकळीक पुष्कळ असते, पण रक्कम भाड्यांबरोबर वाढेल अशी हमी नसते. आजची व्हाउचरची रक्कम निदान गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला धरून ठरते. ‘मोकळीक हवी’ असा मोघम ठराव तुम्ही पाठवला तर तो या प्रस्तावाच्या बाजूनेही वाचला जाईल, हे बोर्डाला सांगायला हवं.

मसुदा दुरुस्त करून आणायला सांगा आणि त्यात हे असू द्या: ५५० ची मर्यादा १,००० करावी. ठरावीक उत्पन्नाच्या कुटुंबांप्रमाणे इतरांनाही तीन वर्षांची तपासणी ऐच्छिक करावी, मात्र उत्पन्न घटलं तर मधली तपासणी मागण्याचा कुटुंबाचा हक्क कायद्यातच लिहावा. एका विशिष्ट भागाचं पेमेंट स्टँडर्ड हडला न विचारता ११० टक्क्यांच्या वर नेण्याची मुभा वाढवावी. घरमालकाच्या नुकसानभरपाईसाठी व्हाउचरच्या पैशांना हात न लावता वेगळा निधी द्यावा. तिन्ही निधी एकत्र करण्याची मुभा मागायचीच असेल तर पायाभूत वर्ष, कुटुंब मोजण्याची रीत आणि शिल्लक किती महिन्यांच्या खर्चाइतकी ठेवता येईल, या तीन गोष्टी त्याच वाक्यात याव्यात.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर सुरू करता येण्यासारखं एक काम आहे. प्रशासकीय आराखड्यात दोन वर्षांची तपासणी आणि ठरावीक उत्पन्नवाल्यांसाठी तीन वर्षांची पडताळणी आहे का ते बघा. नसेल तर बदल सुचवा. तो बदल वार्षिक आराखड्यातही घालायचा तर भाडेकरूंच्या सल्लागार मंडळापुढे तो न्यावा लागतो, जाहीर सुनावणीची सूचना ४५ दिवस आधी द्यावी लागते, आणि आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या ७५ दिवस आधी आराखडा हडकडे पोचावा लागतो. तुमचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होत असेल तर ती तारीख १८ जुलै. मागे मोजत गेलात तर सूचना मे महिन्याच्या अखेरीस छापायला हवी, म्हणजे मसुदा एप्रिलच्या बैठकीत यायला हवा. संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला त्याआधी विचारून ठेवा की तीन वर्षांचं वेळापत्रक त्यांच्या प्रणालीत बसतं का, आणि हडला पाठवायच्या ५००५८ क्रमांकाच्या फॉर्ममध्ये त्याची नोंद बरोबर जाते का. ती चुकली तर कुटुंबाची तपासणी थकलेली दिसते आणि संस्थेच्या गुणांकनात फटका बसतो.